लिनक्सवर मेल सर्व्हर निवडताना: पोस्टफिक्स, एग्झिम की नुसता रिले? मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शक

"लिनक्सवर कोणता मेल सर्व्हर टाकू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: मेल नुसते पाठवायचेत, की घ्यायचेही आहेत? लातूरच्या क्लासला टेस्टचे मार्क पालकांना कळवायचे असतात. जालन्याच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर संध्याकाळी व्यापाऱ्यांना बिलं पाठवतं. पतसंस्थेच्या सर्व्हरला रात्रीचा बॅकअप झाला की नाही, एवढंच सांगायचं असतं. या तिघांनाही पूर्ण मेल सर्व्हर लागत नाही. आपला मेल घेऊन पुढच्या मोठ्या सर्व्हरकडे सोपवणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजेच रिले, पुरतो. वाळूज एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या कंपनीला सगळ्यांच्या मेलपेट्या स्वतःच्या डोमेनवर आणि स्वतःच्या डिस्कवर हव्या असतील, तर मात्र काम मोठं आहे आणि त्यासाठी नेमलेला माणूस लागतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या प्रोग्रामचा लॉग (त्याने काय काय केलं याची नोंद) तुम्हाला वाचता येतो, आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्यालाही वाचता येईल, तो निवडा. आपल्याकडे परभणी-हिंगोलीच्या संस्थेत सिस्टिम बघणारा एकच जण असतो, आणि दोन वर्षांत तो पुण्याला जातो. पुढच्याला जे कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फाइली, उमगणार नाही, ते कितीही सुंदर असलं तरी संस्थेच्या गळ्यात पडतं. या कसोटीवर बहुतेकांसाठी उत्तर पोस्टफिक्स येतं. पण ते का, आणि कुणासाठी येत नाही, हे नीट बघायला हवं.

तीन कामं, तीन प्रोग्राम

"पोस्टफिक्स घेऊ की डव्हकॉट?" असं बरेच जण विचारतात. हे दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल नेणं हे पहिलं काम. ते एसएमटीपी या भाषेत, २५ नंबरच्या पोर्टवर होतं. पोस्टफिक्स, एग्झिम, सेंडमेल ही त्यातली मंडळी. आलेला मेल पेटीत ठेवणं आणि फोनवर किंवा थंडरबर्डमध्ये दाखवणं हे दुसरं. ते डव्हकॉट करतो, आयमॅपने, ९९३ पोर्टवर. तिसरं काम स्पॅम गाळण्याचं, त्यासाठी आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन. आपल्याच माणसांनी लॅपटॉपवरून मेल पाठवायचा तो पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ पोर्टवर. २५ पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्यवहाराचं, तिथे आपल्या माणसांना पाठवू नका.

सर्व्हर ठेवायचा कुठे?

प्रोग्राम निवडण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण जागा चुकली तर कुठलाही प्रोग्राम वाचवत नाही.

घरगुती किंवा साध्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवणं सोडून द्या. आयपी पत्ता बदलता असतो, अनेकदा शेकडो गिऱ्हाईकं एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात, बाहेर जाणारं २५ पोर्ट बऱ्याचदा बंद असतं आणि असे पत्ते स्पॅमच्या यादीत आधीपासूनच नोंदलेले असतात. ऑफिसातच सर्व्हर हवा असेल तर स्थिर आयपीची लाइन घ्या. ती घेतानाच विचारा: या आयपीचं रिव्हर्स नाव, म्हणजे पीटीआर नोंद, आमच्या डोमेनच्या नावाने करून देणार का? लेखी होकार मिळाला नाही तर त्या लाइनवर मेल सर्व्हर उभा करू नका.

भाड्याचा क्लाऊड सर्व्हर घेतला तरी २५ पोर्टचं विचारूनच घ्या. गूगल क्लाऊडवर बाहेर जाणारं २५ बंद असतं, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं.

आता लाईटचं. उन्हाळ्यात तास-दोन तास लाईट गेली, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, तर आलेले मेल जातात का? नाही जात. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तुमचा सर्व्हर मिळाला नाही की मेल आपल्या क्यूत, म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेत, ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या मानकातच ४-५ दिवस प्रयत्न चालू ठेवावेत असं म्हटलंय, आणि पोस्टफिक्सचा डीफॉल्ट ५ दिवसांचा आहे. त्यामुळे "लाईट जाते म्हणून आपल्याला मेल सर्व्हर जमणार नाही" हे खरं नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. तुमच्या सर्व्हरने समोरच्याला "२५०" म्हणजे मेल घेतला असं उत्तर दिलं की मेलची जबाबदारी तुमच्यावर आली. मोंढ्यात माल उतरवून पावती दिल्यासारखं ते आहे. पोस्टफिक्स हे उत्तर देण्याआधी मेल डिस्कवर पक्का लिहून घेतो. पण डिस्कच खोटं बोलत असेल, लिहिलं म्हणून सांगून कॅशमध्ये ठेवत असेल, तर लाईट जाताच तो मेल गेला. म्हणून सर्व्हरला यूपीएस द्या आणि बॅटरी संपत आली की मशीन आपोआप नीट बंद होईल अशी सोय करा. नुसता इन्व्हर्टर जोडून ही सोय होत नाही.

नुसतं पाठवायचं असेल तर

इथे तीन पर्याय आहेत. एमएसएमटीपी अगदी हलका, दहा ओळींत कॉन्फिग होतो, पण त्याला स्वतःची क्यू नाही. त्या क्षणी नेट नसेल तर मेल जात नाही, आणि वरच्या सॉफ्टवेअरने ती चूक पकडली नाही तर कुणाला कळतही नाही. नलमेलर क्यू ठेवतो, नेट आल्यावर पाठवतो. तिसरा पोस्टफिक्स, रिलेच्या रूपात. जुन्या लेखांत एसएसएमटीपी सुचवलेला दिसेल. त्याची देखभाल बंद झालीय, नवीन ठिकाणी टाकू नका.

नेट अधूनमधून जाणाऱ्या ठिकाणी मी पोस्टफिक्सच सांगेन. क्यू भक्कम, लॉग स्पष्ट, आणि उद्या पूर्ण सर्व्हर करायचा झाला तर शिकलेलं वाया जात नाही.

डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज टाकताना तो विचारतो की सर्व्हर कुठल्या प्रकारचा. "इंटरनेट साइट" हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि घाईत तोच पुढे जातो. तुम्ही "सॅटेलाइट सिस्टिम" निवडा. मग रिलेहोस्ट म्हणून तुमच्या मेल कंपनीचा सर्व्हर आणि ५८७ पोर्ट लिहा. सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात टाका, म्हणजे पोस्टफिक्स त्या नावाच्या एमएक्स नोंदी (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणाऱ्या, डीएनएस म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या यादीतल्या नोंदी) शोधत बसत नाही. युजरनेम-पासवर्डची फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा आणि पोस्टमॅप कमांडने तिचा तक्ता करून घ्या. टीएलएसची, म्हणजे वाटेतला मजकूर कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीची, पातळी "एन्क्रिप्ट" ठेवा, म्हणजे पासवर्ड उघड्यावर जाणार नाही. शेवटी आयनेट इंटरफेसेसला "लूपबॅक ओन्ली" द्या, मग बाहेरून कुणी या मशीनला मेल देऊच शकणार नाही.

आता एक बिघाड जवळून बघा, कारण तो फार लोकांना छळतो. क्लासच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे. फॉर्म भरला की पालकांना पोच जाते, पण क्लासच्या स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावर काहीच येत नाही. क्लासचं डोमेन गूगलकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे, आणि वेबसाइटचा सर्व्हर वेगळा. लॉगमध्ये दिसतं: "युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल". कारण एवढंच, की माय-डेस्टिनेशन या ओळीत, म्हणजे याच मशीनवर मेल उतरवायच्या डोमेन्सच्या यादीत, क्लासचं डोमेन लिहिलं गेलंय. पोस्टफिक्सला वाटतं हे डोमेन माझंच, म्हणून तो मेल बाहेर न पाठवता याच मशीनवर तो युजर शोधतो. त्या ओळीतून डोमेन काढा, फक्त लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) ठेवा, पोस्टफिक्स रीलोड करा. प्रश्न तिथेच संपतो.

पूर्ण सर्व्हर हवा असेल तर: कोण काय आहे

सेंडमेल सगळ्यात जुना. एरिक ऑलमनने तो बर्कलीत लिहिला, १९८० च्या दशकात इंटरनेटचा बराचसा मेल त्याच्यावरूनच जायचा. १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम, ज्या वाटांनी पसरला त्यातली एक सेंडमेलची होती. आज चालू असलेला सेंडमेल कुणी सांभाळत असेल तर सांभाळू दे. नव्याने बसवायला कारण नाही.

क्यूमेल डॅनियल बर्नस्टाइनचा. रचना इतकी काटेकोर की त्यातून बाकीच्यांनी शिकून घेतलं, आणि प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारी मेलडिर पद्धत ही त्याची देणगी. पण मूळ क्यूमेलची शेवटची आवृत्ती १९९८ ची. पुढच्या सगळ्या सोयी पॅच लावून घ्याव्या लागतात.

एग्झिम फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सुरू केला. डेबियनने तो वर्षानुवर्षे डीफॉल्ट ठेवला, आणि सीपॅनेल हे वेबसाइटी सांभाळायचं पॅनेल वापरणाऱ्या होस्टिंगवाल्यांकडे आजही तोच असतो. त्याची ताकद नियमांत आहे. समोरून मेल येत असताना, प्रत्येक पायरीवर, तुम्हाला हवी ती अट घालता येते: या युजरने तासात शंभराच्या वर मेल पाठवले तर थांबव, या डोमेनचा मेल डेटाबेसमध्ये बघून त्या सर्व्हरकडे वळव. शेकडो गिऱ्हाइकांची डोमेन्स एका मशीनवर असतील तर हे सोनं आहे.

पण दोन गोष्टी तोलून घ्या. पहिली, एग्झिम एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये सगळं करतो आणि त्याला वरचे अधिकार लागतात. २०१९ मध्ये त्यात दूरवरून कमांड चालवता येईल अशी भोक सापडली आणि त्यातून असंख्य सर्व्हर फोडले गेले. २०२१ मध्ये क्वालिस कंपनीने एकदम २१ त्रुटी जाहीर केल्या. दुरुस्त्या लगेच आल्या, हे खरं. पण अपडेट महिनोन्महिने न करणाऱ्या ठिकाणी त्याचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची. बहुतेक मेल पहिल्याच प्रयत्नात पोचतील, अशा नेटवर्कसाठी एग्झिमची रचना झालीय. नेट दोन दिवस गेलं आणि हजारो मेल तुंबले, तर मोठी क्यू उपसणं हा त्याचा हातखंडा नाही.

पोस्टफिक्स डच शास्त्रज्ञ वित्स व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिला, १९९८ च्या शेवटी तो सगळ्यांसाठी खुला झाला. इथे एक मोठा प्रोग्राम नाही, छोट्या छोट्या प्रोसेसची साखळी आहे. एक बाहेरून मेल घेते, दुसरी तो साफसूफ करते, तिसरी क्यू सांभाळते, चौथी पाठवते. प्रत्येकीला जेमतेम कामापुरते अधिकार. एखादी फोडली गेली तरी सगळं घर उघडं पडत नाही. क्यूचे ढीगही वेगळे असतात: आत्ता पाठवायचे ते ॲक्टिव्ह, अडकलेले ते डिफर्ड. अडकलेल्यांमुळे चालू मेल खोळंबत नाहीत. मुख्य कॉन्फिग एकाच फाइलमध्ये, "नाव बरोबर किंमत" अशा सरळ ओळींत, आणि पोस्टकॉन्फ डॅश एन दिलं की डीफॉल्टपेक्षा वेगळं तुम्ही काय काय केलंय तेवढंच समोर येतं. नव्या माणसाला सर्व्हर सोपवताना ही एक कमांड शंभर पानांच्या टिपणांपेक्षा कामाची आहे. रेड हॅटने एंटरप्राइज लिनक्स ६ पासून सेंडमेलच्या जागी यालाच डीफॉल्ट केलं.

डॉट भारत डोमेनवर देवनागरी पत्त्यांचे मेल चालवायची इच्छा असणाऱ्यांसाठी: पोस्टफिक्समध्ये ती सोय ३.० आवृत्तीपासून आहे. मात्र पेटीपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक प्रोग्रामने साथ द्यावी लागते, म्हणून आधी चाचणीच्या डोमेनवर करून बघा.

ओपनएसएमटीपीडी हा ओपनबीएसडीवाल्यांचा. कॉन्फिग वाचायला सगळ्यात सोपं, पंधरा ओळींत सर्व्हर उभा राहतो. छोट्या कामाला छान आहे, पण अडल्यावर मदत करणारा माणूस आपल्या जिल्ह्यात मिळणं कठीण.

आणि मग तयार संच: मेलकाऊ, आयरेडमेल, मेल-इन-अ-बॉक्स. यांच्या पोटात पोस्टफिक्स आणि डव्हकॉटच असतात, वर वेबवरून खाती काढायची सोय असते. वेळ खूप वाचतो. पण मेलकाऊला ६ जीबी रॅम लागते, तर साधा पोस्टफिक्स-डव्हकॉट १ जीबीत चालतो. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम जोडला की त्याला एकट्यालाच १ जीबीच्या वर लागतं. संच घ्या, पण आधी एकदा तरी रिकाम्या मशीनवर हाताने पोस्टफिक्स-डव्हकॉट जोडून बघा. संच बिघडतो तेव्हा दुरुस्ती आतल्या प्रोग्रामचीच करायची असते.

बसवण्याचा क्रम

आधी मशीनला पूर्ण नाव द्या, मेल डॉट तुमचं-डोमेन असं. त्या नावाची ए नोंद (नावाचा आयपी सांगणारी), डोमेनची एमएक्स नोंद आणि आयपीची पीटीआर नोंद तिन्ही एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. मग लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट. ते ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरण झालं की पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही आपोआप रीलोड होतील अशी हुक, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी कमांड, लावा. नाहीतर फाइल नवी पण सर्व्हर जुनंच सर्टिफिकेट दाखवतोय, असं होतं आणि एके सकाळी सगळ्यांचे फोन तक्रार करू लागतात.

पोस्टफिक्सला डोमेन "व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स"मध्ये सांगा, माय-डेस्टिनेशनमध्ये नाही. दोन्हीकडे लिहिलं तर लॉगमध्ये इशारा येतो आणि मेल भलतीकडे जातो. पेटीत टाकण्याचं काम एलएमटीपीने, म्हणजे एसएमटीपीच्याच स्थानिक रूपाने, डव्हकॉटकडे द्या, पासवर्ड तपासायचं कामही त्यालाच द्या. खाती एकाच ठिकाणी राहतात. पेट्या मेलडिर पद्धतीने ठेवा. प्रत्येक मेल वेगळी फाइल असल्याने रात्रीच्या बॅकअपला फक्त नवीन फाइली जातात, कमी स्पीडच्या लाइनवर हा फरक मोठा आहे.

डव्हकॉट टाकताना आवृत्ती बघाच. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या २.४ ने कॉन्फिगची मांडणी बदलली. डेबियन १३ मध्ये २.४ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये २.३. नेटवरचे बहुतेक लेख २.३ चे. त्यातली "मेल लोकेशन" ही ओळ २.४ मध्ये चालत नाही. तिथे ड्रायव्हर आणि पाथ वेगवेगळे लिहायचे, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला कॉन्फिगची आवृत्ती द्यायची.

मेलचा आकार: पोस्टफिक्सची मूळ मर्यादा साधारण १० एमबी. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ८ एमबीचं ड्रॉइंग पाठवलं तरी परत येतं. वाळूजच्या कंपनीत कॅडच्या फाइली फिरत असतील तर मर्यादा २५-३० एमबीपर्यंत वाढवा.

माय-नेटवर्क्समध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय पाठवू द्यायच्या मशीनच्या यादीत, फक्त लोकलहोस्ट. तिथे ऑफिसचं सगळं नेटवर्क लिहिलं की एका पीसीत व्हायरस शिरला तरी तो पासवर्डशिवाय तुमच्या नावाने स्पॅम पाठवतो.

डीएनएसच्या तीन नोंदी

एसपीएफमध्ये तुमच्या वतीने कोण पाठवू शकतं ते लिहा. डोमेनला ही नोंद एकच असते. दोन झाल्या की दोन्ही बाद. तपासताना दहाच्या वर डीएनएस शोध लागले तरीही बाद. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे याची खूण, आरस्पॅमडीकडून करून घ्या, सहीची किल्ली २०४८ बिटांची. डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी "नन" ठेवून अहवाल बघा, सगळे खरे मेल पास होतायत असं दिसलं की "क्वारंटाइन" करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि पीटीआर मागतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही. क्लासचे निकाल एका दिवशी एवढ्या पालकांना जात असतील तर हा नियम तुम्हालाही लागू आहे.

लॉग वाचायला शिका

"मेल गेला नाही" असा फोन आला की लॉगमध्ये त्या पत्त्याची ओळ शोधा. तीत कुणाला, कुठल्या सर्व्हरमार्फत, किती वेळ लागला आणि शेवटी स्टेटस असतं. "सेंट" असेल तर समोरच्या सर्व्हरने तो घेतला. आता तो त्यांच्या स्पॅममध्ये शोधायला सांगा. डीएसएनचा, म्हणजे मेलचं काय झालं ते सांगणारा, आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, मेल क्यूत आहे. ५ ने सुरू झाला तर मेल परत गेला, कारण पुढे लिहिलेलं असतं.

सगळ्यात बोलका भाग म्हणजे "डिलेज" पुढचे चार आकडे. क्यू मॅनेजरकडे येण्याआधीचा वेळ, क्यू मॅनेजरकडचा वेळ, समोरच्याशी जोडणी करायला लागलेला वेळ, आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा वेळ. समजा आकडे ०.०५, ०.०१, ३० आणि ० असे आहेत. तिसरा ३० आणि चौथा शून्य: जोडणीसाठी ३० सेकंद वाट पाहिली आणि वेळ संपला, पोस्टफिक्सची ती मूळ मर्यादाच आहे. म्हणजे मेल, पासवर्ड, स्पॅम यांचा इथे संबंध नाही. बाहेरचं २५ पोर्ट बंद आहे किंवा नेट गेलंय. कॉन्फिगला हात लावू नका, लाइनवाल्याला फोन लावा.

मेलक्यू कमांडने तुंबलेले मेल दिसतात. एकाच खात्याचे शेकडो अनोळखी पत्त्यांना जाणारे मेल दिसले तर त्या माणसाचा पासवर्ड फुटलाय. आधी पासवर्ड बदला, मग क्यूतले ते मेल पोस्टसुपरने काढा. उलट क्रमाने केलं तर काढेपर्यंत नवे येत राहतात.

चालू करण्याआधीची तपासणी

मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे ऑफिसच्या बाहेरून, स्वाक्स हे टूल वापरून पासवर्ड न देता ५८७ वर एखाद्या जीमेल पत्त्याला मेल पाठवून बघा. मग भाड्याच्या दुसऱ्या सर्व्हरवरून तेच २५ वर करा. दोन्ही वेळा नकार आलाच पाहिजे. २५ वर तो "रिले ॲक्सेस डिनाइड" असा दिसतो. नकार आला नाही तर सर्व्हर तत्काळ बंद करा. असा उघडा रिले स्पॅमवाल्यांना फार लवकर सापडतो आणि तुमचा आयपी काळ्या यादीत गेला की बाहेर काढायला दिवस लागतात.

मग जीमेलला एक मेल पाठवा, तिथे "शो ओरिजिनल" उघडा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे "पास" दिसतंय का बघा. लाईट गेल्यासारखं मशीन बंद करून अर्ध्या तासाने चालू करा. मधल्या वेळात बाहेरून पाठवलेला मेल पुढच्या काही तासांत पेटीत यायला हवा. बॅकअपमधून एक पेटी दुसऱ्या मशीनवर परत उभी करून बघा. नंतरच जुन्या सेवेवरून एमएक्स हलवा, तेही शुक्रवारी संध्याकाळी नाही, मंगळवारी सकाळी, आणि डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा.